कानाचं व्रत

प्रभाबाई सोमवार धरायच्या, शनिवार धरायच्या, आणि गुरुवारी अक्कलकोटहून निघताना स्वामींचं दर्शन घेतल्याशिवाय शाळेकडे वळत नसत. मैंदर्गीच्या अलीकडं, डांबरी सोडून आत गेलं की एक वाडी लागते. तिथल्या चौथीपर्यंतच्या सरकारी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. वर्गात छडी नव्हतीच. "बाई म्हंजे देवमाणूस," असं वाडी म्हणायची. बाईंचा शब्द पोरं देवाचाच समजायची. पुढचं सगळं त्यामुळंच घडू शकलं.

आषाढात केंद्रप्रमुख अनिलकुमार साहेब आले. आसपासच्या शाळांवर देखरेख त्यांची. हेल्मेट टेबलावर ठेवता ठेवताच ते म्हणाले, "बाई, आदर्श शाळेचा निधी आलाय. नव्या खोल्या, कंपाउंड, संडास. पण आपल्या केंद्रातून एकच शाळा निवडणार. चौथीच्या वाचनाच्या निकालावर."

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रुद्रप्पा चहा ओतत होते. "मग आमचीच की वो साहेब."

"तुमची कशी? चौथीत पोरं बोटावर मोजण्याइतकी. एक घसरलं की अख्खा निकाल घसरतो. आणि ते एक कोण, हे मी सांगायला नको."

तिघांनीही दाराबाहेर पाहिलं. व्हरांड्यात अंकिता पुस्तक घेऊन बसली होती. तिच्या घरात कन्नड, शाळेत मराठी. एकेका शब्दापाशी थांबायची, तो तोंडातल्या तोंडात घोळवून बघायची, मगच पुढं सरकायची. आई-बाप बांधकामावर पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. ही आजीपाशी. आजी बसव्वा लोकांच्या रानात खुरपायला जायची, घरी गोठ्यात एक रेडकू होतं.

साहेबांनी आवाज उतरवला. "ऐकू न येणारं मूल निकालात धरत नाहीत, बाई. पुढच्या आठवड्यात तालुक्याला कानाचं शिबिर आहे."

"साहेब, ती चांगली ऐकते!"

"नाही ऐकत, असं मी कुठं म्हणतोय? तिथं कानाला यंत्र लावतात. आवाज आला की बोट वर करायचं. नाही केलं की झालं काम. पोरीचं काय जातंय त्यात? उलट मशीन फुकट मिळंल."

रुद्रप्पानं कप बाईंपुढं सरकवला. "बाई, पाऊस आला की दुसरीची पोरं भिजत्यात. एका पोरीपायी समद्या पोरांचं वाटुळं करू नगा."

बाईंनी दोन दिवस पोथीपुढं बसून विचार केला. लेकराला खोटं बोलायला सांगणं हे पाप. त्यातून सुटायची वाट त्यांना सापडली ती श्रावणाच्या तोंडावर. व्रत सांगणं काही पाप नाही.

शाळा सुटल्यावर त्यांनी अंकिताला मारुतीच्या देवळात नेलं. कपाळाला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली.

"तुला पाचवीत मैंदर्गीला जायचंय ना?"

"व्हय बाई." वाडीतल्या मोठ्या पोरी सकाळच्या एसटीनं मैंदर्गीला जायच्या. त्यांच्या रिबिनी बघायला ही रोज फाट्यापर्यंत पळायची. दुसरं काही तिनं देवाकडे कधी मागितलंच नव्हतं.

"मग एक व्रत कर. कानाचं. कुणी हाक मारली तरी ऐकायची नाही. कुणाशी बोलायचं नाही. शाळेला खोल्या होतील आणि देव तुला पाचवीत नेईल."

"आन ऐकू आलं तर?"

"उपासाला भूक लागत नाही का? लागते. पण आपण जेवत नाही. तसंच हे."

पोरीला ते लगेच पटलं. "अज्जीशी बोलायचं?"

"घरात तर नाहीच. व्रत घरातूनच मोडतं."

"कवापतूर?"

"मी उद्यापन करीन तोवर." बाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आणि हे बघ बाळा, मधेच मोडलं ना, तर ते करणाऱ्याला लागत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला लागतं."

अंकिताच्या घरात मोठं माणूस एकच होतं.

शिबिरात ती हात मांडीखाली दाबून बसली. कानातल्या यंत्रात आधी बारीक, मग मोठे, मग डोकं फोडतील असे आवाज आले. पापणीसुद्धा हलली नाही. डॉक्टर हळहळले. "दोन्ही कान पार गेलेत. आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"खेडेगाव आहे, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर कानाची मशीन वाटायला शाळेपुढं मांडव पडला. अंकिताला बक्षीस आहे, एवढंच बसव्वाला कळलं होतं. ट्रंकेतलं इरकली लुगडं नेसून ती पुढं येऊन बसली. माइकवरून नाव पुकारलं, "कर्णबधिर विद्यार्थिनी, कुमारी अंकिता..."

"कर्ण म्हंजी काय गं?" तिनं शेजारणीला विचारलं.

"भैरी म्हनत्यात तिला, म्हातारे!" मागं कुणीतरी खदखदून हसलं. "बसव्वा, तुजी नात भैरी कवा झाली? आखाडात तर चुरूचुरू बोलत हुती की!"

चातुर्मासभर नात गप होती. पोरगी रुसली असेल, आईची आठवण येत असेल, असं बसव्वा धरून चालली होती. आता ती ताडकन उठली आणि मांडव दणाणेल अशी ओरडली, "अंकी! ए अंकी! हिकडं बघ!"

अंकिता स्टेजवर उभी होती. पायाच्या अंगठ्यानं सतरंजी धरून ठेवली होती. तिनं बघितलं नाही. बसव्वानं पुन्हा हाक मारली, मग कन्नडमधून, मग नुसतीच किंचाळली. मग कुणीतरी म्हणालं, "खरंच की रं. भैरीच हाय." बसव्वा मटकन खाली बसली.

पाहुण्यांनी पोरीच्या कानात मशीन बसवलं. चांगल्या कानांत ते घणासारखं वाजलं. माइकची शिट्टी, टाळ्या, खुर्च्यांचा आवाज, सगळं एकदम मेंदूत घुसलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाहुणे माइकवर म्हणाले, "पहिल्यांदा ऐकू आलं की मुलं अशीच रडतात." टाळ्या आणखी वाढल्या. बाईंनी पदरानं स्वतःचे डोळे टिपले. ते रडणं खोटं नव्हतं, पण त्यानं काही थांबलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरीनं मशीन कानाला लावलंच नाही; ते ट्रंकेत पडलं, आणि मशीनचाही उपयोग नाही असं वाडीनं धरलं. पोरांना तर खेळच सापडला. मागनं येऊन ताटल्या वाजवायच्या, कानाशी फटाका उडवायचा. रुद्रप्पाच्या पुतण्यानं एकदा रानाच्या वाटेवर तिच्या पाठीमागून आरोळी दिली, "अंकी, तुजी अज्जी मेली गं!" ती चालत राहिली. सावकाश, एकसारखी. चिंचेपलीकडं पोरं दिसेनाशी झाल्यावर मात्र घरापर्यंत धावत सुटली. अज्जी चुलीपुढं भाकरी थापत होती. पोरीनं दारातूनच तिला डोळे भरून पाहिलं आणि घागर उचलून पाण्याला गेली.

तिला आता वर्गात कुणी काही विचारत नव्हतं. दिवसभर पुस्तक आणि ती. बाई इतरांना शिकवायच्या, ती ऐकायची आणि बोट ओळीवरून फिरवायची. माघापर्यंत तिचं बोट बाईंच्या आवाजाच्या पुढं पळायला लागलं. बाईंनी ते पाहिलं. चौथीत सगळ्यांत चांगलं वाचणारी पोर निकालातून वगळलेली होती.

निकाल लागला, शाळा निवडली गेली, पायाचे खड्डे खोदले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर अंकिता बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात नारळ होता. उद्यापनाला नारळ लागतो, हे तिला ठाऊक होतं.

बाईंनी नारळ घेतला. "अजून नाही, बाळा. वरून पाहणी व्हायचीय. तोवर दम धर."

पाहणीला सोलापूरहून भार्गवी मॅडम आल्या. मनानं चांगली बाई. खोल्यांचं काम उभ्याउभ्या पाहिलं आणि विचारलं, "ती ऐकू न येणारी मुलगी कुठाय?" मग सतरंजीवर अंकितासमोर मांडी घालून बसल्या आणि पाटीवर लिहिलं, 'तुझं नाव काय?'

अंकितानं लिहिलं. मॅडमनी आणखी विचारलं, तिनं आणखी लिहिलं. वळणदार अक्षर, एकही चूक नाही. मॅडमचा चेहरा फुलत गेला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'तुला काय हवंय?'

तिनं लिहिलं, 'मला पाचवीत मैंदर्गीच्या शाळेत जायचे आहे.'

"अगं बाळा," मॅडम कळवळून म्हणाल्या, "तिथं तुला काय समजणार?" बाईंकडे वळल्या. "इतकी हुशार पोर इथं वाया घालवताय? सोलापूरला अशा मुलांची निवासी शाळा आहे. दहावीपर्यंत राहणं, जेवण, सगळं मोफत. मी स्वतः प्रवेश करून देते."

अंकिता बाईंकडे बघत होती. आता बाई सांगतील. आता उद्यापन.

रुद्रप्पा दाराशी उभे होते. अनिलकुमार साहेब खिडकीतून बाहेर नव्या भिंतीकडे पाहत होते. बाईंनी गळ्यातली तुळशीची माळ बोटांत धरली.

"फार चांगलं होईल, मॅडम," त्या म्हणाल्या.

मॅडमची गाडी गेल्यावर त्यांनी पोरीला जवळ घेतलं. "तिथं सगळीच पोरं तशी आहेत. व्रत तुला जड जाणार नाही. देवाच्या मनात असंच होतं बघ."

जूनमध्ये फाट्यावर सोलापूरच्या गाडीची वाट बघत तिघी उभ्या होत्या. प्रभाबाई स्वतः पोचवायला निघाल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडं मैंदर्गीची एसटी थांबली. अंकिताच्याच वर्गातल्या पोरी नव्या गणवेशात, रिबिनी लावून चढल्या. एकीनं हात हलवला. गाडी धूर सोडून निघून गेली.

बाईंचा फोन वाजला. त्या बोलत बोलत थोड्या लांब गेल्या. अंकितानं बसव्वाचा हात धरला आणि तिला चहाच्या टपरीमागं ओढत नेलं. कितीतरी महिने माणसाशी न वापरलेला आवाज घोगरा होऊन बाहेर पडला.

"अज्जी, ननग केळसतद. मला ऐकू येतं. मला तिकडं धाडू नगं."

बसव्वा दचकली नाही. तिनं आधी वाकून बाई कुठं आहेत ते बघितलं, मग पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

"ठावं हाय मला."

अंकितानं तोंडावरचा तो हात बाजूला सारला.

"गोठ्यात रेडकाशी बोलत हुतीस की रोज. मी काय भैरी हाय?" म्हातारी कुजबुजली. "संक्रांतीपसनं ठावं हाय. कशापायी करतीस ते कळंना, पर करतीस तर करू दे म्हनलं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कुनाला सांगू? सांगून काय मिळंल? ऐकनाऱ्या पोरीला आजवर कुनी काय दिलं? भैरीला दोन टाईम जेवान हाय, कापडं हायेत, धाव्वीपतूर साळा हाय. मैंदर्गीला गेलीस तर वरीसभरात तुजा बा यील आन लगीन ठरवून न्हेईल. माजं कोन ऐकतंय?" तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं, जरा जोरातच. "गप ऱ्हा. भैरीच ऱ्हा. लई शानी हायेस तू, यव्वा."

पण अंकिताचं तिकडं लक्ष नव्हतं. ती अज्जीचा चेहरा निरखत होती. गालाचे खड्डे, डोळ्यांतली चिपडं, श्वास लागल्यावर हलणारा गळा.

"अज्जी, मी बोलले. आता तुला कायतरी हुईल का?"

बसव्वाला त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. निरोपाला पोरीनं रडू नये म्हणून ती बोळकं पसरून हसली. "मला काय हुतंय? मी मरनारच हाय की गं. आज न्हाय तर उद्या."

अंकिता एक पाऊल मागं सरकली. तिनं दोन्ही हात उचलून स्वतःचं तोंड दाबून धरलं.

गाडी आली. "चल बाळा," म्हणत बाईंनी पिशवी उचलली आणि तिला खिडकीशी बसवलं. अक्कलकोट गेलं, वळसंग गेलं, तरी पोरीनं तोंडावरचे हात काढले नाहीत. बाईंना वाटलं, हिला गाडी लागत असेल. त्यांनी पर्समधून लिंबू काढलं, नखानं साल खरवडली आणि मायेनं तिच्या नाकाशी धरलं.