भिंतीची विभूती

घनश्यामच्या अंगणात चपलांचा असा खच पडला होता, की त्यातून स्वतःची चप्पल सापडली तर तोही चमत्कारच म्हणावा! कळंब, बाभुळगाव, थेट यवतमाळहून ऑटो भरभरून माणसं येत होती. कशाला? तर घनश्यामच्या माजघरातल्या भिंतीतून विभूती निघते म्हणून. रोज सकाळी भिंतीवर पांढरा भुगा फुललेला असायचा. झाडूनं काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

भिंतीपुढे पाट टाकून भस्मनाथ महाराज बसले होते. कुठून आले, कोणी आणले, कोणालाच ठाऊक नाही.

"ही मातीची भीत नाही, ही देवाची पाठ हाय!" ते गरजत. "डाक्टर मशीन लावते, देव माया लावते! सच्ची विभूती बोलते, ऐका!"

चिमूटभर भुगा निखाऱ्यावर पडला की तडतड ठिणग्या उडत आणि बाया हात जोडून रडायला लागत.

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. मी उकंडा, धंद्यानं गवंडी. गेल्या उन्हाळ्यात त्या भिंतीला प्लास्टर मीच केलं होतं.

खरं सांगतो, पहिल्याच दिवशी मला कळलं होतं. तो लोणा होता, ओल्या भिंतीला फुटणारा खार. भिंत जुनी, मातीची. तिच्या पलीकडे म्हशींचा गोठा, चाळीस वर्षांचा. गुरांचं मूत मुरून जमीन खारावलेली, आणि ती खारी ओल भिंतीत चढत होती. मातीचाच गिलावा असला तर ओल हळूहळू वाळून जाते. पण घनश्यामला हवी होती गुळगुळीत भिंत. "सिमेंट मार उकंडा, कलर द्याचा हाय," म्हणाला. मातीवर सिमेंट मारू नये, हे बापानं मला लहानपणीच शिकवलं होतं. तरी मारलं. नाही म्हटलं असतं तर त्यानं दुसरा गवंडी आणला असता, एवढंच. ओल आत कोंडली. दिवाळीपर्यंत प्लास्टर फुगलं, फुटलं आणि भेगांतून खार बाहेर आला. मी त्या गल्लीतून जाणंच सोडलं. मग महाराज आले आणि माझ्या बिघडलेल्या कामाचा त्यांनी देव केला. अब्रू वाचली म्हणून मी मनातून खूश झालो हो! आज सांगतानाही लाज वाटते.

घनश्यामची पोरगी सुरभी, एकोणीस वर्षांची. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस चालायचं. एका सकाळी गावची आशा सेविका प्रियंका धापा टाकत माझ्याकडे आली.

"उकंडाभाऊ, सुरभीचं डायलिसिस बंद केलं त्यायनं! वरून भितीचा भुगा चारून राह्यले तिले. किडनीच्या माणसाले खार म्हणजे जहर हाय. माह्यं कोणी ऐकत नाही, भितीचं काम तुमी केलं, तुमचं ऐकतीन."

मी तसाच तिच्यासोबत घनश्यामकडे गेलो. सुरभीचा चेहरा सुजला होता, दंड सुयांनी काळेनिळे झाले होते.

"काका," ती हळूच म्हणाली, "सुया नको वाटते आता. या भितीनंच बरं झालं तं किती चांगलं होईन नं?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडलो.

नुसतं सांगून त्या गर्दीत कोणी ऐकलं नसतं. मी एस.टी. स्टँडमागची मुतारी गाठली, तिथली भिंत खरवडून पुडी बांधली, घरच्या चुलीत चिमूट टाकून पाहिली आणि परत येऊन रांगेत उभा राहिलो.

"महाराज, माह्या घरीबी निघाली. जरा पारखून पाहा."

महाराजांनी पुडी कपाळाला लावली. चिमूट निखाऱ्यावर टाकली. तडतड तडतड!

"वाह बेटा! साक्षात देव! धन्य तुही भीत!"

दोन म्हातारे माझ्या पायाशी वाकलेसुद्धा.

"पाया नका पडू बाप्पा," मी म्हणालो. "हे माह्या घरचं नाही. हे स्टँडच्या मुतारीचं हाय."

कोणीतरी फिसकन हसलं. महाराज उपरण्यानं कपाळ घासू लागले.

"हा सोरा हाय," मी ओरडून सांगितलं. "फटाक्यात टाकतात, म्हणून तडतडते. मूत मुरलं का भितीले धरते. मुतारीत तसा, गोठ्यामागं तसा. अन् ही भीत मीच खराब केली. मातीवर सिमेंट मीच थापलं. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

एकच गलका उडाला, घनश्याम गर्दी लोटत सुरभीकडे धावला. त्या गोंधळात महाराज मागच्या दारानं सटकले. पण त्यांच्यामागे धावायला वेळ कोणाला होता? प्रियंकानं सुरभीला उचललं, आम्ही तिला ऑटोत घातलं आणि यवतमाळ गाठलं. डॉक्टर संध्याकाळपर्यंत झटत होते. रक्तात खार फार चढला होता. दिवे लागायच्या वेळी सुरभी गेली.

तेराव्यानंतर मी हातोडी-छन्नी घेऊन न बोलावता त्यांच्या घरी गेलो. सगळं सिमेंट उतरवलं. गोठ्याचं पाणी दूर न्यायला नाली काढली. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवून वाळवली, मग माती आणि गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, मळून गिलावा केला. लोणा पुन्हा आला नाही.

शेवटच्या दिवशी सुरभीची आई, इंदूबाई, दारात येऊन उभी राहिली. भिंतीवरून तिनं हात फिरवला.

"भाऊ, तुमाले माहीत होतं नं? मंग काहून नाही सांगतलं?"

रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता ज्या घरी कामाला जातो, तिथं सांगतो. देव मानायचा तर माना. पण भिंतीतून काही निघालं तर आधी गवंड्याला विचारा, आणि आजारी माणसाचा इलाज कोणाच्याही शब्दावर बंद करू नका. ज्याला खरं कारण ठाऊक आहे, त्यानं लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी बोलावं. महाराज खोटं बोलला आणि मी खरं बोललो नाही. सुरभीला आम्ही दोघांनी मिळून मारलं.