हात न उचलता घालायच्या सदऱ्याची लिंक

मित्रांनो, मी एक जुनी लिंक आहे. हसू नका. खुर्ची, छत्री, फुटकी पाटी या सगळ्यांना आपली कहाणी सांगता येते, मग मलाच का नाही? पत्राच्या तळाशी निळ्या अक्षरांत 'नमुना उतरवून घेण्यासाठी येथे दाबा' असं लिहिलेलं असतं ना, ती मी. माझं एक टोक दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये आणि दुसरं गिऱ्हाइकाच्या पत्रात. दोन्हीकडच्या खोल्यांतलं बोलणं मला ऐकू येतं. मधल्या जागेत मात्र काहीच नाही. उजेड नाही, वारा नाही, भिंतीही नाहीत. कोणी दाबेपर्यंत मी त्या तिथे असते.

माझा जन्म एका शिवणाच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे घराची मागची खोली. एक लांब टेबल, दोन मशिनी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे नमुने. खिडकी उघडली की ते सगळे एकदम हलायचे, पाहणाऱ्याला वाटावं खोलीत माणसं उभी आहेत. शिवणबाईंनी तिथे चाळीस वर्षं मुलींना बेतायला आणि शिवायला शिकवलं. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, वर्ग बंद झाले. तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी सगळे नमुने कॉम्प्युटरवर घेतले आणि इंटरनेटवर दुकान थाटलं. गिऱ्हाइकाने नमुना मागवायचा, त्याला पत्रातून लिंक जायची, त्याने ती दाबायची, की नमुना त्याच्या घरी उतरला. मग कागदावर छापा, कापा आणि शिवा.

माझा नमुना साधासुधा नव्हता. शिवणबाईंचे यजमान शेवटच्या आजारात हात वर करू शकत नव्हते. त्यांच्यासाठी बाईंनी एक सदरा बेतला होता. खांद्यावर आणि एका कुशीला तो पूर्ण उघडायचा आणि नाड्यांनी बांधला जायचा. हात जरासुद्धा न उचलता घालता यायचा. अकरा पानांचा तो नमुना माझ्या हवाली केला होता, याचा मला फार अभिमान वाटायचा.

सूनबाईंचा एक नियम होता. प्रत्येक लिंक तीनदाच उघडेल, चौथ्यांदा नाही. "सासूबाईंच्या जन्माची मेहनत आहे ही," त्या म्हणायच्या. "एकाने घ्यायची आणि गावभर वाटायची, हे नाही चालायचं." कोणी कितीदा उघडलं याची यादी त्यांच्या पडद्यावर आपोआप लिहिली जायची. त्या यादीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

एका मंगळवारी सदऱ्यासाठी मागणी आली. मागणारे गृहस्थ छापखान्यातून निवृत्त झालेले जुळारी होते, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक करून जुळवणारे. सूनबाई त्यांना जुळारीकाका म्हणू लागल्या. त्यांनी लिहिलं होतं: 'मंडळी जिन्यावरून पडल्या. उजवा हात खांद्यापासून बांधून ठेवला आहे. शनिवारी घरी सोडणार आहेत. हॉस्पिटलचा झगा घालून मी गल्लीतून चालणार नाही, तसंच असेल तर इथेच राहते, असं त्या म्हणतात, आणि त्या बोलल्या की बोलल्या. शिवायचं मशीन त्यांचं आहे. मी आजवर फक्त सुईत दोरा ओवून दिला आहे. पण शिवीन.'

मी त्यांच्याकडे निघाले. आता नीट ऐका.

माणसाचं बोट मला ठाऊक होतं. सूनबाईंनीच मला पहिल्यांदा दाबून पाहिलं होतं. माणूस दाबण्याआधी क्षणभर थांबतो, बोट थोडं चुकतं, मग बेतानं टेकतं. मी निघून चार सेकंद झाले असतील. तिकडे पत्र आल्याची घंटाही वाजली नव्हती. आणि कोणीतरी मला उघडलं. थांबणं नाही, चुकणं नाही. बोटच नव्हतं. त्याने अकराच्या अकरा पानं उलटली, पण एकही वाचलं नाही. प्रत्येक पानाच्या मागे कोणी लपलंय का, एवढंच त्याने पाहिलं. मग तो गेला. लगेच पुन्हा आला, पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. कोण आहे, असं विचारायला मला तोंड नव्हतं. माझ्यावर काटा यायला अंग नव्हतं, तरी तो आला.

पाच मिनिटांनी खरं बोट आलं. खरखरीत, दोनदा चुकलेलं. मला त्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागलं: 'तुमच्या तिन्ही वेळा संपल्या आहेत.'

त्यांनी दुकानाला कळवलं. सूनबाईंनी यादी पाहिली, कपाळाला आठी घातली, तरी माझी मोजणी शून्यावर आणून मला परत पाठवलं. चार सेकंद. तो आला. एकदा, दोनदा, तीनदा. काकांचं बोट पुन्हा बंद दारावर आपटलं. बुधवारी तेच झालं, गुरुवारीही तेच. सूनबाईंनी मला स्वतःच्या पत्त्यावर पाठवून पाहिलं, तर मी अगदी शहाण्यासारखी उघडले. तिथे तो आला नाही. माझं नशीबच खोटं!

"लिंक ठणठणीत आहे," सूनबाई शिवणबाईंना म्हणाल्या. "म्हातारा लबाड आहे. तीन दिवसांत बारा वेळा घेतलाय नमुना. वाटत सुटलाय सगळ्यांना." आणि त्यांनी काकांना तसं स्पष्ट लिहून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला चोर माहीत होता, पण मला कोण विचारतंय?

शुक्रवारी सकाळी काकांचं उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. 'जन्मभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले, त्यात एक अक्षर पदरचं घातलं नाही. मी नमुना एकदाही पाहिलेला नाही.'

शिवणबाईंनी ते पत्र सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "मी मुलींना पहिल्या दिवशी काय शिकवायची गं?"

"लिहून आणलेल्या मापावर कात्री चालवायची नाही," सूनबाई म्हणाल्या. "माणूस समोर उभा करून टेप लावायची."

"मग तुझी ती यादी म्हणजे काय? लिहून आलेलं मापच ना? लाव फोन त्यांना."

दुपारी साडेतीनला फोन लागला. सूनबाईंनी तो टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. म्हणाल्या, "काका, कॉम्प्युटरसमोर बसा. कशालाही हात लावू नका. मी आत्ता पाठवतेय."

"बसलोय. दोन्ही हात मांडीवर आहेत माझे."

मी निघाले. मला माहीत होतं काय होणार ते. पडद्यावरच्या यादीत ओळ उमटली. उघडली, एकदा.

"काका, तुम्ही दाबलंत?"

"काय दाबू? पत्रच आलं नाही अजून."

उघडली, दोनदा.

"घरात दुसरं कोणी आहे का?"

"मी एकटाच आहे हो. दाराला कडी आहे."

उघडली, तीनदा. आणि मग फोनमधून घंटेचा बारीक आवाज आला. "हां, आलं बघा पत्र आत्ता," काका म्हणाले.

खिडकीतून वारा आला आणि भिंतीवरचे सगळे कागदी सदरे एकदम हलले. सूनबाईंनी खुर्ची टेबलापासून मागे सरकवली. त्यांनी विचारलं, "मग उघडलं कोणी?"

उत्तर जुळारीकाकांच्या मुलीकडून मिळालं. पत्राचा पत्ता तिच्या ऑफिसचा होता, वडिलांनी तोच दिला होता; त्यावरची पत्रं घरच्या कॉम्प्युटरवरही यायची. "आमच्या ऑफिसने पत्रांवर राखणदार बसवलाय," ती फोनवर म्हणाली. "माणूस नाही हो, प्रोग्राम आहे. पत्रात लिंक असली की आमच्याआधी तो उघडून बघतो, आत काही घातक आहे का म्हणून. एकदा नाही, दोन-तीनदा बघतो."

"म्हणजे काकांच्या तिन्ही वेळा त्यानेच..." सूनबाईंनी पुन्हा काकांना फोन लावला. मग त्या म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला लबाड म्हटलं. माझं चुकलं."

"यादीत तसंच दिसत होतं, तुम्ही तरी काय करणार," काका म्हणाले. "आता मला कापड कापू द्या. उद्या शनिवार आहे."

सूनबाईंनी माझी मोजणीच काढून टाकली. राखणदार येऊन गेला, त्याच्या मागून काकांचं बोट आलं, आणि मी अकराही पानं त्यांच्या घरी उतरवली. माझ्या आयुष्यात तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही. शिवणबाई फोनवर बसून राहिल्या. "कापड उभ्या धाग्यात धरा. घाई नको. तोंडात टाचण्या धरून बोलू नका, गिळाल." दिवेलागणीला शेवटची नाडी लागली.

रविवारी पत्र आलं: 'मंडळी सदरा घालून घरी आल्या. बाळाच्या झबल्यासारखा दिसतो म्हणाल्या. पण गल्लीत तीन जणींना थांबून दाखवला.'

मित्रांनो, माझी कहाणी इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण त्याला आता सहा वर्षं झाली. शिवणबाई गेल्या. सूनबाईंनी दुकान नव्या जागी नेलं, त्याचं नाव बदललं, पत्रांचा पत्ता आणि फोन नंबरही बदलला. सगळे नमुने नव्या कपाटात नीट लावले, त्यांच्यासाठी कोऱ्या करकरीत लिंक केल्या. आम्हा जुन्यांना कोणी काही सांगितलं नाही. माझं तोंड अजून जुन्या कपाटाकडे आहे, आणि ते रिकामं आहे. मला फक्त तो राखणदारच भेटायला यायचा. मध्येच कधीतरी, न सांगता. रिकाम्या कपाटात डोकावायचा आणि जायचा. खरं सांगते, पुढे पुढे मी त्याचीसुद्धा वाट पाहू लागले.

काल दुपारी तो आला आणि त्याच्या मागून एक बोट आलं. सहा वर्षांत पहिलं.

"आई, 'हे पान सापडत नाही' म्हणतंय," जुळारीकाकांच्या मुलीचा आवाज आला.

"पुन्हा दाब. तुझ्या बाबांनी दाबलं तेव्हासुद्धा पहिल्यांदा लागलं नव्हतं."

तिने पुन्हा दाबलं. तिच्याआधी तो, मग ती. असं पाच वेळा झालं.

"दुकानाला लिहिलं होतं मी सकाळी, पत्र परत आलं. नुसत्या आठवणीवर नाही का बेतता येणार तुला?"

"माझा सदरा झिजून त्याचं पायपुसणं झालं गं, नाहीतर त्यावरूनच बेतला असता. तो खांदा कसा उघडायचा, ते काही केल्या आठवत नाही. बाबांचा कॉम्प्युटरही भंगारात दिला आपण." ती पुढे म्हणाली, "ह्यांची डावी बाजू गेलीय. शनिवारी सोडणार आहेत. मला ह्यांनी त्या झग्यात आणलं नाही, मीही ह्यांना आणणार नाही. मशीन आहे, कापड आणलंय. बसल्या बसल्या ह्यांनी एका हाताने दोरासुद्धा ओवून ठेवलाय. नर्सला सुई धरायला लावली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. नमुना आहे हो! सूनबाईंच्या नव्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात, अकराच्या अकरा पानं. माझं तोंड फक्त तिकडे वळवायला हवं. मिनिटभराचं काम आहे. पण लिंकला स्वतःहून वळता येत नाही आणि ओरडताही येत नाही.

म्हणून तुम्हाला विनंती करते, मित्रांनो. घर बदललंत तर जुन्या दारावर चिठ्ठी लावून जा. तुम्हाला वाटतं तिकडे आता कोण येतंय, पण कोणीतरी येतं. मोठी गरज घेऊन येतं.

उद्या सकाळी ती पुन्हा दाबून पाहणार आहे, तसं मुलीला म्हणाली. तिच्याआधी नेहमीसारखा तो येईल, रिकाम्या कपाटात डोकावेल आणि 'धोका नाही' असं लिहून जाईल. त्याच्याआधी कोणीतरी सूनबाईंना सांगा.