सत्तावीस नंबर

टबाच्या तळाशी काहीतरी टक्कन वाजलं.

स्वयंपाकघर तोवर अगदी शांत होतं. आर्डिसने बाह्या वर सारून साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, जस्ताचा तळ चाचपला आणि खडा वर काढला. हरभऱ्याएवढा, मैदानातला. टीमच्या कपड्यांतून असे खडे निघायचेच, एरवी तिने तो न बघताच खिडकीबाहेर टाकला असता. पण बाकीचे कपडे केव्हाच पिळून झाले होते. आता टबात एकच जर्सी होती, आणि ती कुणी घातलेलीच नव्हती.

"आई, पाणी काळं झालं," टेबलाखालून डेनी म्हणाला. पाच वर्षांचा तो, लाकडी चिमटे दोन रांगांत उभे करून मॅच खेळवत बसला होता.

पाणी खरंच काळं झालं होतं. दर सोमवारी ही जर्सी ती सगळ्यांत शेवटी, ताज्या पाण्यात, घडी न उलगडताच सोडायची. उलगडून बघायचं तरी काय? आदल्या सोमवारी तिनेच धुतलेली असायची.

सत्तावीस नंबर तिच्या धाकट्या भावाचा, लाइलचा. कॉलेजची निम्मी अमेरिकन फुटबॉल टीम युद्धावर गेली तेव्हा गेलेल्यांच्या जर्सी ज्याच्या-त्याच्या खुंटीवरच राहिल्या. पोरं परत येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, असं मागे उरलेल्यांनी ठरवलं. आर्डिसने तेवढी सवलत मागून घेतली होती, आमच्या लाइलची मात्र धुवायला पाठवत जा. टीमचा कोच तिचा नवराच, मायलो. स्वच्छ कपडा पुन्हा धुणाऱ्या बायकोला तो कधी काही बोलला नाही. सप्टेंबरात तार आली. लाइलचं विमान समुद्रावरून परतलं नव्हतं, तो बेपत्ता होता. तेव्हापासून मायलो ती जर्सी गाठोड्यात आठवणीने सगळ्यांत वर ठेवायचा. ज्याचे कपडे धुतले जातायत तो माणूस यायचा आहे, आर्डिसने मनाशी एवढंच घट्ट धरलं होतं.

तिने जर्सी वर उचलली. दोन्ही कोपरांवर चिखल होता, छातीवर गवताचा हिरवा पट्टा. कुणीतरी जोरात पडल्यासारखा.

तिने ती पुन्हा पाण्यात सोडली आणि हात पुसत नुसतीच उभी राहिली.

दुपारी वेंडेल मागच्या दाराने आला, धुतलेले कपडे न्यायला. टीममध्ये चेंडू फेकण्याचं काम त्याचं, पुढे पळत जाऊन तो झेलण्याचं लाइलचं. डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून सैन्याने त्याला घरी पाठवलं होतं. लाइलची बहीण म्हणून सगळी टीम आर्डिसला ताई म्हणायची, तसा तोही म्हणायचा.

"ताई, खायला काही आहे, की रेशनच्या साखरेबरोबर बिस्किटंपण सरकारने नेली?"

"एक कान गेला पण नाक शाबूत आहे हो तुझं. डब्यात आहेत बघ. दोनच घे."

त्याने तीन घेतली. डेनीला एक दिलं.

"वेंडेल," ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली, "सत्तावीस कुणी घातली होती?"

त्याने तोंडाशी नेलेलं बिस्किट खाली ठेवलं. "सर बोलले नाहीत?"

"मी तुला विचारतेय."

"मागच्या मॅचला मी कोपऱ्यात चेंडू फेकला होता, तुम्ही बघितलंत ना? तिथे कुणीच नव्हतं."

"अख्ख्या गावाने बघितलं. हसलेसुद्धा."

"हसू देत. ताई, तो डाव मी आणि लाइलने बसवलेला. माणसाकडे बघायचंच नाही. तो जिथे पोचणार, तिथे आधीच फेकून मोकळं व्हायचं. आता तो नाही, हे डोक्याला कळतं. हाताला नाही कळत." त्याने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "म्हणून गुरुवारी सरावाला सरांनीच जर्सी चढवली. म्हणाले, मी पळतो लाइलच्या जागी, तिथे नुसता कोच आहे हे एकदा तुझ्या हाताला कळू दे."

आर्डिस खुर्चीत बसली. मग हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने एप्रनला पुसलं.

"मायलो? त्या गुडघ्याने?"

"अहो, काय पकडला त्यांनी! धुकं एवढं दाट, मला पाठीवरचा नंबर तेवढा दिसला. मागे वळून न बघता, एका हातात. डिट्टो लाइल. आम्ही सगळे नुसते टाळ्या पिटत सुटलो. आता शनिवारी बघा, शेवटची मॅच आपलीच."

तो गेल्यावर तिने जर्सी पुन्हा खळबळून काढली, पिळणीच्या दोन रुळांतून दोनदा काढली. नोव्हेंबरात कपडे बाहेर टाकले तर मिनेसोटाच्या थंडीत त्यांचा पुठ्ठा व्हायचा, म्हणून शेगडीवरच्या दोरीला लावली. मायलोवर रागवायचं होतं, ते आता जमेना. वेड्यासारखं काय काय मनात आणलं आपण, असं म्हणत ती बटाटे सोलायला बसली. सोलता सोलता लाइलचंच एक जुनं गाणं गुणगुणत होती, हे डेनीने दुसरी ओळ म्हटली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

संध्याकाळी मायलो लंगडतच आला. तिने सूप वाढलं. शेगडीजवळ डेनीचे मोजे, टॉवेल, तिचा एप्रन सगळं कडकडीत वाळलं होतं. जर्सी मात्र अजून ठिबकत होती. लोकर आहे, वेळ लागणारच, असं म्हणत तिने खाली भांडं सरकवलं.

"म्हातारपणी लोक एका हाताने चेंडू पकडायला लागलेत म्हणे," ती म्हणाली.

मायलोचा चमचा थांबला. "वेंडेल बोलला वाटतं. आर्डिस, मी तुला सांगणार होतो. ती जर्सी घालायला नको होती मी."

"असू दे रे. पण एका हाताने? एवढी वर्षं लपवून ठेवलंस माझ्यापासून!"

"कसलं एका हाताने? येडा आहे तो." मायलोने गुडघा चोळला. "पळायला लागलो आणि हा गेला. तोंडावर आपटलो, निम्मं मैदान गिळलं. वर बघतो तर पोरं टाळ्या वाजवतायत. मला वाटलं, चिडवतायत म्हातारड्याला."

आर्डिसच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं.

"मग चेंडू?"

"चेंडू डेनीकडे. हा कुंपणापाशी पोटाशी धरून उभा. घरंगळत गेला असेल."

"घरंगळत नाही आला काही," डेनी म्हणाला. त्याने सुपात पाव बुडवला. "त्याने दिला मला. केस असे विस्कटले माझे."

शेगडीवरून भांड्यात टप्पकन एक थेंब पडला. डेनीने मान वर करून जर्सीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, गुरुवारी पाऊस नव्हता ना? बाबांना नुसता चिखल लागलेला. मग तो दुसरा सत्तावीस नंबर एवढा चिंब कशाने भिजलेला?"