तक्षीम

तुर्कस्तानला जायचं विलासने ठरवलं तेव्हा मी नको म्हणाले होते. जूनमध्ये माझी नोकरी संपत होती. अबू धाबीत, मुसफ्फाहच्या एका प्रयोगशाळेत मी समुद्राचं गोडं केलेलं पाणी तपासायची. साठीनंतर व्हिसा वाढवायचा नाही, असं कंपनीने ठरवलं होतं. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर. इथे आयुष्य काढलं तरी हे असंच असतं आणि ते ठाऊक असूनच आपण इथे येतो. मला त्याची भीती नव्हती, कारण मला जायला जागा होती.

गुहागरच्या अलीकडे आमचं घर आणि बाग आहे. बाबा गेल्यावर ती आई, विलास आणि मी अशी तिघांची. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन खोल्या बांधायच्या आणि राहायचं, एवढंच माझं ठरलेलं होतं. मी लग्न केलं नाही, तेव्हा दुसरा बेत असण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या सुट्टीत त्या विहिरीच्या पाण्याचा नमुनाही मी तपासून घेतला होता. लोह थोडं जास्त होतं, बाकी पाणी उत्तम.

"ताई, तुझी इथली शेवटची ईद," विलास म्हणाला. शुक्रवार होता आणि मी नेहमीप्रमाणे त्याच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी जेवायला गेले होते. "तिकीट, हॉटेल, सगळं माझ्याकडे. तू फक्त बॅग भर."

"नाही म्हणू नका हो," त्याची बायको कुंदा म्हणाली. "ह्यांनी फार मनावर घेतलंय."

विलास माझ्याहून आठ वर्षांनी लहान. हॉटेलात गेलो तर 'चाळीस दिरहॅम, म्हणजे हजार रुपये' असं मोठ्याने म्हणून मेनू मिटणारा माणूस. त्याने माझ्यासाठी हे करावं याचं मला बरं वाटलं. त्या रात्री मी बॅग काढून पुसली.

इस्तंबूलमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तक्सिम चौकात गेलो. चौक म्हणण्यापेक्षा मोठं मैदानच ते. एका बाजूला नवी मशीद, मध्ये पुतळे, लाल रंगाची जुनी ट्राम घंटा वाजवत वळायची आणि पोरं तिच्या मागे लटकायची. ईदच्या सुट्टीमुळे अर्धी गर्दी आखातातूनच आलेली. चारी बाजूंनी 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, चला', ऐकू येत होतं.

"पापा, धिस इज लिटरली अबू धाबी विथ पिजन्स," अस्मी म्हणाली. अस्मी विलासची मुलगी, पंधरा वर्षांची.

चौकाच्या कोपऱ्यावर एक अष्टकोनी दगडी खोली आहे. पूर्वी उत्तरेकडच्या धरणांतलं पाणी तिथे आणून शहरातल्या वस्त्यांना वाटून देत. तक्सिम म्हणजे वाटणी, आणि त्यावरूनच चौकाला नाव पडलं. मला ती खोली चौकापेक्षा जास्त आवडली. मी विलासला म्हणाले, "आपल्याकडची तक्षीम ती हीच बघ. शब्द एकच." आमच्या भागात भाऊबंदांच्या जमिनीतल्या वाट्याला तक्षीम म्हणतात.

"हो का," तो म्हणाला आणि आईला व्हिडिओ कॉल लावायला लागला. फोन त्याने अस्मीकडे दिला.

आई गावी ओटीवर बसली होती. तिला ऐकू कमी येतं. शेजारची प्रमिला रोज येऊन तिच्यासमोर फोन धरते.

"आजी, वी आर इन तक्सिम."

"काय म्हणते पोर?"

"तक्सिम, आजी. तक्सिम. पापा, आत्या, सगळे."

आईचा चेहरा उतरला. "तक्षीम? आता कसली तक्षीम काढलीत? विलास कुठाय?"

मला हसू आलं. मी फोनसमोर गेले. "आई, अगं, चौकाचं नाव आहे ते."

तिने ऐकलंच नाही. "विनू, तूच सांग गो. तू हक्क सोडलास ना? दत्ताराम म्हणाला, कागद झाले, सातबाऱ्यावरून विनिताचं नाव कमी झालं. मग परत तक्षीम कशाला? माझ्या डोळ्यांदेखत नको हो."

मी विलासकडे पाहिलं. तो कणसं भाजणाऱ्याच्या गाडीकडे बघत होता.

बाबा गेल्यावर वारसनोंद करायची होती. सगळ्यांना रजा मिळेना, म्हणून गावी असलेल्या दत्तारामकाकांच्या नावे मुखत्यारपत्र करायचं ठरलं. मसुदा विलासने टाइप करून आणला होता. दूतावासाच्या काउंटरवर गर्दी होती, बोट ठेवलेल्या जागी मी सही केली. प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय मी कधी झाकण उघडलेलं नाही. भावाने आणलेला कागद वाचायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"सोडलास ना गो?" आईने पुन्हा विचारलं. अस्मी हात उंच करून उभी होती आणि कंटाळली होती.

"चौकाचं नाव आहे, आई," मी म्हणाले. "इथे कुणी काही वाटत नाहीये."

"मग ठीक," आई म्हणाली. "तुझं मन मोठं हो विनू. आजकालच्या मुली नाही सोडत." मग तिने अस्मीला टोपी घाल म्हणून सांगितलं आणि प्रमिलाने फोन बंद केला.

"कधी केलंत?" मी विलासला विचारलं.

"दिवाळीनंतर. मी सांगणारच होतो तुला, ताई. इथेच. जरा निवांत."

आमच्यामधून एक कुटुंब ट्रॉलीबॅग ओढत गेलं. ते जाईपर्यंत दोघेही थांबलो.

"तुला बाग कशाला हवी, सांग," तो म्हणाला. "तुझ्या मागे आहे कोण? शेवटी अस्मीलाच जाणार ना? उगाच दोनदा कागद करायचे, दोनदा फी भरायची."

"मला राहायला हवी होती."

"मग राहा ना. कोण नको म्हणतंय? घर तुझंच आहे."

"सातबाऱ्यावर नाही."

"तुला ना प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट लागतो."

कुंदाने माझ्या दंडाला हात लावला. "ताई, आम्ही रीत सोडली नाही हो. बहिणीने हक्क सोडला की भावाने साडी द्यायची असते. तुम्ही साड्या नेसत नाही, कपाटात पडून राहिली असती. म्हणून मीच ह्यांना म्हटलं, ताईंना छान ट्रिप करू या."

ती हे मनापासून म्हणाली.

"कॅन वी नॉट डू धिस हिअर?" अस्मी म्हणाली.

"काही नाही चाललेलं, बेटा," विलास म्हणाला. "फोटो काढ आमचा. ताई, इकडे ये, उन्हात."

मी गेले. बाकीचे दिवसही मी त्यांच्याबरोबर फिरले. परतीचं तिकीट त्याच्याच मोबाइलमध्ये होतं.

अबू धाबीला आल्यावर मी त्याच्याकडून मुखत्यारपत्राची प्रत मागून घेतली आणि वाचली. वारसनोंद, वीजजोडणी, घरपट्टी, आणि त्याच वाक्यात पुढे हक्कसोड. खोटं काहीच नव्हतं. सही माझी, शिक्का खरा. चिपळूणच्या एका वकिलांना फोन केला. ते म्हणाले, फसवणूक सिद्ध करावी लागेल आणि आईला साक्षीला उभं करावं लागेल. आई ब्याऐंशीची आहे. मी म्हटलं, विचार करून सांगते.

मग एका रविवारी सकाळी मी आईला फोन केला.

"आई, जूनमध्ये मी येतेय. कायमची."

"ये की," ती म्हणाली. "विलासला विचारलंस ना?"

"त्याला का विचारायचं?"

"तसं नव्हे गो. आता त्याच्या नावावर आहे. उद्या कुंदा काही बोलली तर मी कुणाच्या बाजूने बोलू?"

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. मी हक्क सोडला नव्हता. मला कुणी विचारलं नव्हतं. दत्तारामकाकांना मी फक्त नोंदीसाठी सही दिली होती. तिला नीट ऐकू यावं म्हणून मी एकेक वाक्य सावकाश बोलले, आणि ते पुरेसं झालं नाही तेव्हा प्रमिलाने तिच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. माझीच वाक्यं मी दुसऱ्याच्या आवाजात ऐकली.



"मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"अस्मी समोर होती."

"आणि आता मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. "मी काय करू आता?"

"काही करू नकोस. मी येतेय, एवढंच."

"ये," आई म्हणाली. तिने प्रमिलाला फोन जवळ धरायला सांगितला. "किती दिवस राहशील?"