गुरुवारी उपवास करणारं घड्याळ

मी एक जुनं, माणसाहून उंच घड्याळ आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! पण मित्रांनो, आज सुरतेच्या लिंबायतमध्ये पावर बंद आहे, शेजारचे सांचे, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, गप्प आहेत आणि तुम्हाला दुसरं काम नाही. बसा. सरलाबाई तिकडे तांदूळ निवडतेय. तिला ऐकू जात नाही असं धरून चालू.

माझं कुळ विलायतेतलं. सव्वातीनशे वर्षांपूर्वी तिथली घड्याळं भिंतीवर टांगलेली असत. वजनं, दोऱ्या सगळं उघड्यावर लोंबायचं. मग दोन हात लांबीचा लंबक निघाला. एका सेकंदाला एक हेलकावा, चूक नाही. पण एवढा लंबक उघडा सोडला तर मांजरं त्याच्याशी खेळणार, म्हणून सुतारांनी उंच पेटी केली. खाली चौकोनी बैठक, मध्ये अरुंद धड, वर काचेची टोपी. ही टोपी पुढे ओढली की अलगद निघते. आमच्यात मान द्यायची हीच रीत. आधी ही पेटी काळ्या लाकडाची, काटकुळी होती. पुढे अक्रोडाची आली, मग महोगनीची, आणि दर पिढीत कंबर रुंदावत गेली. सुखवस्तू माणसाचं होतं तसंच.

माझं मशीन जहाजातून आलं, पेटी मात्र सुरतेची. विलायती लाकूड इथल्या वाळवीने न्याहारीलाच संपवलं असतं. म्हणून तापीकाठच्या एका जहाजाच्या सुताराने मला वलसाडी सागाची पेटी केली आणि दाराच्या कडेने सादेलीचं काम करून घेतलं, म्हणजे हस्तिदंत आणि चंदनाच्या नखाएवढ्या चकत्यांची नक्षी. सुताराला सवय जहाजांची. त्याने सवयीने माझ्या बुडाला डांबर फासलं! त्यामुळे तापीला महापूर आला तेव्हा मी मालकाच्या दिवाणखान्यातून निघालो तो उभ्या उभ्या चौक बाजारापर्यंत तरंगत गेलो. तिथे दोन्ही वजनं नांगरासारखी खाली सोडली आणि थांबलो. पाच मिनिटंसुद्धा मागे पडलो नव्हतो.

हसू नका रे.

पुढे हात बदलत बदलत मी मगनभाईंच्या पेढीत आलो. पेढीमागेच त्यांचं खातं, म्हणजे चोवीस सांच्यांचा कारखाना. तिथे निंबा सांचे चालवायचा. माझी चावी आठ दिवस पुरते, आणि दर रविवारी ती द्यायचं काम त्याच्याकडे होतं. अकरा वर्षं त्याने एक रविवार चुकवला नाही. व्यापारी यायचे, माझी नक्षी बघून मान डोलवायचे. मग भिंतीवर सेलवालं वाटोळं घड्याळ आलं, आणि माझ्या डोक्यावर जुनी रजिस्टरं साचू लागली. चौऱ्याण्णव साली मगनभाईंनी खातं शहराबाहेरच्या सचिन वसाहतीत हलवलं. जाताना मला भंगारात न घालता निंबाला दिलं आणि म्हणाले, "लई जा, भाई. भंगारमां जाशे एना करतां तारे घेर सारुं."

हातगाडीवर आडवा होऊन मी या खोलीत आलो. पत्र्याला डोकं लागलं, म्हणून टोपीवरचे लाकडी तुरे काढावे लागले. निंबाची बायको, हीच सरलाबाई, दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हाई काय आनं तुम्ही? दहा बाय दहानी खोली, तिच्यामा पाहुना कसाले?"

"पाहुना नही," निंबा म्हणाला, "घरनं माणूस समज."

घरचं माणूस! मी छाती फुगवून टकटक सुरू केली. पण मित्रांनो, इथे नवंच संकट उभं राहिलं. रविवारी चावी दिली की बुधवारपर्यंत मी ठणठणीत, आणि गुरुवारी बंद! दर गुरुवारी. वजनं खाली उतरत उतरत बरोबर लंबकाच्या शेजारी येत. पेढीतली दगडी जमीन कधी हलत नसे; इथे शेजारचे सांचे धडधडू लागले की माझी पेटी डुले, तिच्याबरोबर वजनंही डुलत आणि लंबकाचा सगळा जोर पिऊन टाकत. निंबाने पुन्हा हलवलं तरी घटकाभरात मी गप्प; असं ढकलत ढकलत वजनं खाली सरकली की शुक्रवारी पुन्हा सुरू.

गुरुवार हा सरलाबाईच्या उपवासाचा दिवस. शेजारची सुषमा हसून म्हणाली, "वहिनी, तुम्हना घड्याळना बी उपास शे!" तेव्हापासून सरलाबाई दर गुरुवारी माझ्या बैठकीवर चार शेंगदाणे ठेवू लागली. घरात तिच्याबरोबर उपवास धरणारा मी एकटाच.

एरवी मी दिवस वर आल्यावर थांबे, पण एका गुरुवारी पहाटे पावणेसहालाच थांबलो. सरलाबाई बॉबिन भरायला जाते त्या खात्याची पाळी सातची. ती माझ्याकडे बघून निवांत राहिली. पोहोचली तेव्हा साडेसात झाले होते, आणि मुकादमाने तिला सगळ्या बायकांदेखत दारातून परत पाठवलं. घरी आली ती तापूनच. लोटू मिस्तरीला बोलावलं आणि सुषमासमोर शब्द दिला, "पुढला गुरुवारले हाई बंद पडनं तर याले कापा! माले कपाट करी द्या."

लोटूने माप घेतलं. "आतलं लोखंड भंगारात काढू, वहिनी. तीन फळ्या मारतो. साड्या मावतील."

त्या दिवशी निंबाने अर्धीच भाकरी खाल्ली.

तो आठवडा कसा गेला म्हणून सांगू! रविवारी चावी फिरवताना निंबा एकेक वेढा मोजत होता. सोमवारी एक ठोका चुकला, तो पुन्हा देऊ की नको या विचारात तास गेला. मंगळवारी वजनं एक वीत उतरली. मला ती वर ओढून धरता येईनात. आपलंच काळीज आपल्या करवतीकडे इंचाइंचाने सरकतंय, आणि ते सरकतं आहे म्हणूनच आपण चालतोय! बुधवारी मी नुसता तडफडलो.

गुरुवार उजाडला. लोटू करवत घेऊन उंबऱ्यावर बसला. सुषमा आली. निंबा पाळी सोडून आला. शेजारचे सांचे सुरू झाले, पत्रा थरथरला, भांडी वाजली. वजनं लंबकाच्या बरोबरीला आली. आणि मी? मी दात आवळले. मनाशी म्हणालो, आज उपवास नाही! टक. टक. नऊ वाजले, बारा वाजले. चार वाजता लोटूने चहा घेतला, करवत पिशवीत घातली आणि निघून गेला. निंबा माझ्या दारावर हात ठेवून लहान मुलासारखा हसत होता.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना हलक्यात काढू नका. त्यांच्यातही निर्धार असतो. नुसत्या मनाच्या जोरावर मी त्या दिवशी...

"खोटं शे!"

सुपातले तांदूळ उडाले. सरलाबाई उठून उभी राहिली होती.

"मोठा आला मनना जोरवाला! त्या बुधवारले मी खात्यावर गऊच नही. तुन्हा पायखाले पाचर मी मारी. पाठमा खिळा ठोकीसन तुले भितले मी जखडं. सांचा डुलना का धागा तुटस, इतलं समजस माले." तिने पदराने डोळे टिपले की घाम, ते मला काचेतून नीट दिसलं नाही. "सुषमानामोरे शब्द दिन्हा व्हता. तो कसा मोडू? म्हनीसन तुन्हा उपास मोडना पडना."