आठ मिनिटांचं पाणी

"माझं पाणी कुणी फोडलं?"

ब्राहीम पाटात उभा होता, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, खांद्यावर फावडं. वसीला धावत बांधावर आली तेव्हा तिची धाकटी, पाच वर्षांची मय्यार, कोपरापर्यंत चिखलात माखून थोरल्या राझेनच्या मागे लपत होती. रविवारचं पाणी शेजारच्या बागेचं, म्हणजे ब्राहीमचं. ते त्याच्या खजुरींकडे जायचं सोडून वसीलाच्या पडीक कोपऱ्यात, डाळिंबाखाली तळं करून बसलं होतं.

"मी फोडलं," मय्यार म्हणाली. "मुळ्यांना तहान लागली होती. पाणी तर इथूनच चाललं होतं."

"मग दिलंस का मुळ्यांना?" ब्राहीमने विचारलं.

"नाही ना. ते तिकडेच पळालं. ऐकलंच नाही माझं."

पाण्याच्या पाळ्या वाटणारा तिजानी मागे उभा होता. त्याने हसू लपवायला मिशीवरून हात फिरवला. वसीलाला हसू आलं नाही.

ती गावातल्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. स्फाक्ससारख्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. डब्यात पुदिनाही कधी लावला नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी नवरा, लुत्फी, गेला आणि बाग पडीक राहिली. त्याच्या पाळीची मंगळवारची वीस मिनिटं हळूहळू ब्राहीमच्या पाटाला वळली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. पाणी वाहत होतं, ब्राहीम दारं, म्हणजे पाटातून बागेत पाणी घ्यायची फट, उघडत होता, इतकंच. सप्टेंबरात तिजानी घरी येऊन सांगून गेला होता, "दोन वर्षं पाळी घेतली नाहीस, बाई. या हंगामात बागेत काही उभं दिसलं नाही, तर मंगळवार ब्राहीमकडे जाईल. रिवाजच तसा आहे."

म्हणून मुळ्याचे पाच वाफे. वसीलाने दोरी ताणली, शाळेतली पट्टी आणून अंतरं मोजली. राझेनने काडीने भोकं पाडली. प्रत्येक भोकात एकच बी टाकायचं, हे मय्यारचं काम. तिने तीन-तीन टाकली.

"एकच सांगितलं होतं ना?"

"एकटं कसं राहील ते आत?"

वसीलाने मग पट्टी पिशवीत ठेवून दिली. पाचव्या दिवशी मुळे उगवले, तिघं-तिघं मिळून. त्यानंतर दक्षिणेचा गरम वारा सुटला आणि पानं माना टाकू लागली.

आता तळ्याच्या काठाने वसीला पावलं मोजत चालली. मधे दोन-तीन जागी काठी बुडवून पाहिली.

"हे काय, तळ्याची परीक्षा घेतेस?" ब्राहीम म्हणाला.

"मागच्या मंगळवारी पाटाखाली डबा धरून तो भरायला लागणारा वेळ मोजला होता मी. हे सात मिनिटांचं पाणी आहे, काका. मुरलेलं धरून आठ. परवा माझ्या पाळीतली आठ मिनिटं तुमची."

ब्राहीम हसला. "जाऊ दे गं पोरी. बकरीनं पाटात तोंड घातलं तर कुणी बकरीकडं पाणी परत मागतं का?"

आवाज मायेचा होता. पण तिजानी ऐकत होता, आणि त्या मायेत काय आहे ते वसीलाला कळलं. पाण्याची उसनवारी इथे पाळीवाल्यांमध्येच चालते. ज्याला पाणी माफ केलं, त्याचं स्वतःचं काही नव्हतंच, असा अर्थ होतो.

"बकरीला पाळी नसते, काका," ती म्हणाली. "मला आहे."

ब्राहीमने पायानेच चिखल सरकवून फट बुजवली. "बघू परवा," एवढंच बोलला.

मंगळवारी सकाळी साडेसहाला पाणी आलं. वसीलाने आपल्या वाफ्यांचं तोंड बंद ठेवलं आणि पाणी पुढे जाऊ दिलं. तिजानी हातात घड्याळ धरून उभा होता. ब्राहीमच्या बागेचं दारं चिखलाने लिंपलेलं होतं आणि तो हाताची घडी घालून त्याच्यापाशी उभा होता.

"घ्या काका."

"मी मागितलं नाही."

पाणी दाऱ्याशी येऊन थांबलं आणि चढू लागलं. काठावरचं गवत बुडालं, मुंग्यांची रांग विस्कटली. अजून दोन बोटं चढलं असतं तर बांध ओलांडून पायवाटेवर गेलं असतं.

"उम्मी, सांडेल!" राझेन ओरडली. "आपल्याकडे घेऊ या ना!"

"नाही. ते आपलं नाही."

एक धार बांधावरून धुळीत उतरली. ब्राहीम त्या धारेकडे पाहत राहिला. साठ वर्षं पाणी धरलेला माणूस. त्याचा जबडा हलत होता. दुसरी धार उतरली.

"अरे, वेडे आहात का सगळे!" त्याने फावडं उचललं आणि एका घावात दारं फोडलं. पाणी खळखळत त्याच्या खजुरींकडे निघालं.

"घेतलंस?" तिजानीने विचारलं.

ब्राहीमने फावडं चिखलात रोवलं. "घेतलं."

"कुणाकडून?"

"ठाऊक नाही का तुला? लुत्फीच्या बायकोकडून. आठ मिनिटं. घड्याळाकडं बघ, माझ्याकडं काय बघतोस?"

आठ मिनिटं संपली तेव्हा त्यानेच आपलं दारं लिंपलं. "चल, तुझं येतंय. तोंड उघड आधी! हातानं नाही, टाच लाव टाच. कोणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही, काका."

"दिसतंय ते."

वसीलाने चपला काढून फेकल्या आणि पाटात उतरली. बारा मिनिटं उरली होती. पहिला वाफा भरला, दुसरा भरला. तिसऱ्याच्या शेवटच्या रोपापर्यंत पाणी पोचलं आणि पाट आटला.

चौथा आणि पाचवा कोरडे राहिले.

"हे मरतील?" राझेनने विचारलं.

"काही मरतील," वसीला म्हणाली. "सगळे नाही मरणार. पुढच्या मंगळवारी यांच्यापासून सुरू करू."

तिजानी आणि ब्राहीम पाटाकाठाने भांडत निघून गेले. शाळेला निघायला अजून अर्धा तास होता. मय्यार चौथ्या वाफ्याच्या पूर्वेला जाऊन उकिडवी बसली. तिची सावली तीन-तीन रोपांच्या चार झुपक्यांवर पडत होती. ऊन वर चढून सावली आखडली तशी ती, पानांवरची नजर न काढता, थोडी पुढे सरकली.