तुळशीरामच्या नावाचं मागणं

घरासमोरच्या डीपीचा, विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा, धडाका झाला तेव्हा गोजरबाईच्या दोन्ही हातांत रबरी मोजे होते, तोंडाला पट्टी होती आणि पुढ्यात नवऱ्याचं उघडं पोट होतं.

पोटातून बोटाएवढी नळी बाहेर आलेली. आतलं टोक काळजाला बसवलेल्या पंपाला, बाहेरचं कमरेच्या डबीला, आणि डबीला दोन बॅटऱ्या. तुळशीरामचं काळीज फुगून निकामी झालं होतं. नागपूरच्या दवाखान्यात एका संस्थेनं हा पंप बसवून दिला, त्याला दोन वर्षं होत आली. दुसऱ्याचं काळीज मिळेस्तोवर पंपावर जगायचं. नळीच्या तोंडाशी रोज मलमपट्टी. तिथून जंतू आत गेला की खेळ खलास. दवाखान्यातल्या मॅडमनं बजावलं होतं, "बाई, घर पेटलं तरी पट्टी अर्धी सोडून उठायचं नाही."

म्हणून गोजरबाई उठली नाही. डोक्यावरचा पंखा गरगरत थांबला.

"गेली," तुळशीराम म्हणाला.

"हालू नका."

"डीपीच गेली वं. आवाज आयकला नाई का? तेल सांडलं असन भडभड."

"मी काय बहिरी हावो? पोट हालते तुमचं. गप राहा."

तिनं जाळी चिकटवली, कडा दाबल्या, मोजे काढले आणि मग बॅटरीचं बटण दाबलं. भरलेल्या बॅटरीवर चार हिरवे दिवे लागतात. दोनच लागले. चार्जरवरची दुसरी जोडी रात्रभर लालची लालच. आठवडाभर व्होल्टेजच नव्हतं, भरणार कशी? दोन दिवे म्हणजे, या जुन्या झालेल्या बॅटऱ्यांवर, पाच तास. रिकामी जोडी भरायला लागतात चार.

करंट होता तो चिखलीला, तासाभरावर. पण गावातल्या दोन्ही जीपा कीर्तनकार बुवांची मंडळी आणायला गेलेल्या, आणि एसटी दुपारची. लाईनमनला फोन लावला. तो म्हणाला, "डीपी जळली? आठ दिवस धरून चाला." नवी डीपी, वेगळी लाईन द्या म्हणून गोजरबाईनं वीज कंपनीला आतापर्यंत पाच अर्ज दिले होते. पाचही अर्ज कुठल्या तरी टेबलावर फायलीखाली झोपले होते. त्यांना काय घाई? त्यांचं काळीज वायरवर नव्हतं.

तेवढ्यात मारुतीच्या पारावरून जनरेटर धडधडलं, कर्णा खरखरला आणि सप्त्याचं पारायण पुन्हा सुरू झालं. माणसाची डीपी आठ दिवस, देवाचं जनरेटर दहा मिनिटांत.

गोजरबाईच्या मस्तकात तिडीक गेली. डीपी जळाली कशानं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सप्त्याच्या कमानीला, चाळीस हॅलोजनला, भटारखान्याच्या मोटारीला, सगळ्याला करंट तिच्याच घरासमोरच्या खांबावरून, आकडा टाकून. पंधरा दिवसांपूर्वी ती सप्ता कमिटीचे अध्यक्ष भगवानराव यांच्या ओट्यावर जाऊन पाया पडली होती. "भाऊ, आकडा टाकू नका. डीपी आधीच म्हातारी हाये. याईचा जीव तिच्यावर हाये."

भगवानराव पान चघळत हसले होते. "वयनी, देवाच्या कामाले करंट लागते तरी किती? उलट आपन असं करू. सातई दिवस तुळशीरामच्या नावानं मांगनं मांगू. अख्खं गाव हात जोडन. देव आयकते हो!"

आणि भगवानराव शब्दाला पक्के निघाले. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ कर्ण्यावरून पुकारा: "आपल्या गावचे तुळशीराम यांना लवकरात लवकर नवीन हृदय मिळो!" आकड्याच्या करंटवर मागणं, आणि मागण्याच्या करंटवर डीपी खाक. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं.

"उठा," गोजरबाई नवऱ्याला म्हणाली. चार्जर आणि रिकामी जोडी तिनं पिशवीत घातली.

"कुठी?"

"देवाच्या दारी. पाच दिस बोलावून राह्यले ना तुमच्या नावानं? चाला."

चैताचं ऊन नऊ वाजताच चटके देत होतं. रस्त्यावरची काळी माती पायाखाली पिठासारखी उडत होती. तुळशीराम दहा पावलांवर थांबत, धापा टाकत चालला. वाटेत भेटला तो त्याचं मनगट धरून "कसं हाये?" विचारी. या पंपावरच्या माणसाच्या मनगटाला ठोका लागत नाही. हे गावाला दोन वर्षं सांगून झालं, तरी दर वेळी धरणारा पांढरा पडे. तुळशीराम म्हणे, "मेलो नाई बे. मोटर चालू हाये, तीन एचपी."

मांडवात पन्नासेक माणसं पोथीवर वाकलेली. वर पंखे, बाजूला कूलर. गोजरबाई तडक जनरेटरपाशी गेली. मेहकरचा अन्वर मंडपवाला तिथं स्टुलावर बसला होता.

"अन्वरभाई, हे लावा."

अन्वरनं चार्जर उलटासुलटा करून पाहिला. "भाभी, लावतो. पन कूलर, कर्ना, हॅलोजन, सगळं याच्यावरच हाये. करंट खाली-वर होते. ही नाजूक चीज हाये, उडून जाईन."

"मंग बाकीचं बंद करा."

भगवानराव धावत आले. उपरणं खांद्यावरून घसरलेलं. "वयनी, हे काय लावलं? पारायन चालू हाये! अकराले बुवा येऊन राह्यले, तालुक्यातून लोकं येतीन. कर्ना बंद करून कसं जमन?"

"बुवाले गळा हाये ना? याईले काळीज नाई."

"आता असं वाकडं बोलू नका. देवाच्या कामात खंड पडला त..."

"खंड?" गोजरबाईचा आवाज चढला. पोथीवरची डोकी वर झाली. "भगवानभाऊ, तुमच्या पाया पडली व्हती मी. तुमीच डीपी जाळली. आता दुपारी एक-दीडले याईची बॅटरी सरन. मंग वाचा तुमी पोथी, दहाव्याले बी वाचा, फुकट मांडव उभाच हाये!"

भगवानरावांनी अन्वरकडे पाहिलं. "अन्वर, तुह्याले पैशे कोन देते? कमिटी का ही बाई?"

अन्वर स्टुलावरून उठला. "कमिटी देते साहेब. पन जनरेटर माह्यं हाये." आणि त्यानं एकेक पिन उपसली. कूलर गेला. पंखे गेले. कर्णा मधल्याच ओवीत मुका झाला.

भटारखान्याकडून भगवानरावांची बायको सिंधूताई पिठाळलेल्या हातांनी आली. सारं तिनं ऐकलं होतं. "बसा जी खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "अन् सुपडं घ्या, वारा घाला पोथीवाल्याईले. लई पुन्न लागते म्हनते त्याच्यात."

बायका फिसकन हसल्या. भगवानराव बसले. सुपडं मात्र घेतलं नाही.

चार तास तुळशीराम जनरेटरपाशी सतरंजीवर बसून राहिला. पारायण तोंडी झालं. अकरा वाजता बुवा आले, कपाळाला आठ्या घालून उभे राहिले, आणि शेवटी कर्ण्याशिवायच कीर्तनाला लागले. मागच्यांना अर्धं ऐकू गेलं नाही, ते विड्या ओढत बाहेर बसले. गोजरबाईची नजर चार्जरवरून हलली नाही. दर घटकेला बटण दाबी. एक दिवा. दोन. तिसऱ्याला फार वेळ लागला. अंगावरच्या जोडीवर तोवर एकच उरला होता, आणि तोही लुकलुकत होता.

एकच्या पुढं चौथा दिवा लागला. तिनं जोडी बदलली. आधी एक, मग दुसरी, दोन्ही एकदम कधीच नाही. डबी एकदा टुंई करून गप्प झाली.

भगवानराव खाकरले. आवाज आता बराच खाली आला होता. "झालं काय वयनी? आता लावू कर्ना? आजचं मांगनं राह्यलं. तुळशीरामच्याच नावाचं हाये."

"मले काय विचारता? त्याईले विचारा."

तुळशीराम खांबाला धरून उठला. मांडवात आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला.

"लावा कर्ना. पन माह्या नावानं मांगू नका, भगवानभाऊ."

"काऊन बे? राग आला काय?"

"राग तं आलाच हाये. पन तुमी काय मांगून राह्यले, समजते काय तुमाले? मले काळीज भेटो म्हंजे कोनाचं तरी तरनंताठं पोरगं आज गाडीखाली जावो. पाच दिस कर्ना लावून हेच मांगता. दवाखान्याचा फोन वाजला की आमी दोघंबी घाबरतो. तवा कोनाच्या तरी घरी रडनं चालू असन, हे मले म्हाईत हाये."

बुवांनी टाळ खाली ठेवले.

"मांगाचंच असन," तुळशीराम म्हणाला, "त डीपी मांगा. त्याच्यात कोनी मरत नाई."

गोजरबाईनं पिशवीत हात घातला. वीज कंपनीला द्यायचा सहावा अर्ज तिनं कालच लिहून त्यात ठेवला होता. तो भगवानरावांच्या हातात दिला.

"वाचा," ती म्हणाली. "कर्न्यावर वाचा. अन् मंग खाली पयली सही तुमची करा."